आमची वाटचाल : माळावर न दिसणारं कापड

लांडग्याच्या नजरेत न भरणारं कापड पुण्यात शिवलं जातं आणि ते आम्ही शिवतो, हे अभिमानाने सांगतो. छायाचित्रकारांसाठी हाइड म्हणजे लपून बसायचे तंबू, गिली सूट म्हणजे तागाच्या झिरमिळ्यांचे झुडपासारखे दिसणारे पोशाख, लेन्सची कव्हरं आणि जाळ्या, एवढंच काम. बंदूकवाल्यांना आम्ही माल देत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो प्रश्नच उरलेला नाही. लष्करी छपाई मागणारे अजून येतात. १५ जानेवारी २०२२च्या सेना दिनाच्या संचलनात दिसलेल्या नव्या गणवेशाच्या कापडाची नक्कल बाजारात विकणं बेकायदा आहे, आणि सुकलेल्या कुसळी गवतात तो रंग काळपटच दिसतो.

मधली बरीच वर्षं सुरळीत गेली. लिहायचं आहे ते त्या एका लॉटबद्दल.

छपाईसाठी येणारं पांढरं पॉलिस्टर अधिक शुभ्र दिसावं म्हणून गिरणीत त्यावर ब्राइटनर चढवतात. हे रसायन अतिनील किरण शोषतं आणि निळा उजेड बाहेर टाकतं. वरून खाकी, मातकट काहीही छापा, आपल्याला कापड चोख दिसतं. पण कुत्रा, कोल्हा, लांडगा या कुळाला दिसतात मुख्यतः निळा आणि पिवळा. लाल-हिरव्यात त्यांची गफलत होते. म्हणजे त्यांना जो रंग सर्वांत स्वच्छ दिसतो, तोच कापडातून बाहेर पडतो. शिवाय सांजवेळी उजेडात निळ्याचा वाटा वाढतो, आणि लांडगा नेमका तेव्हाच बाहेर पडतो. आमच्या ऑर्डरवर ‘ब्राइटनर नको’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. व्यापाऱ्याने तरीही तोच माल पाठवला, आणि तक्रार केल्यावर म्हणाला, “डोळ्यांना चांगलं दिसतंय ना?”

पहिला फोन बारामतीकडच्या गुरुजींचा. निवृत्त शिक्षक, अगदी सुरुवातीपासूनचे आमचे गिऱ्हाईक. सुप्याच्या माळावर जुन्या हाइडसमोर चिंकारा बिनधास्त चरायचे, नव्या हाइडला मात्र लांबूनच बगल देऊन जात होते. पाठोपाठ भिगवणहून बदकांबद्दल तीच तक्रार आली. सगळा माल परत घेतला, ओव्हरलॉक मशीन विकलं, कारागिरांचे पगार थकले. गुरुजींनी पुढच्या दोन हाइडचे पैसे आगाऊ आणून दिले, त्यावर नवा तागा आला. याच काळात एका स्पर्धकाने आमचा कट जसाच्या तसा उचलला आणि ‘त्यांचा माल सदोष आहे’ असं गिऱ्हाइकांना सांगत फिरला. त्याचा तंबू टाफेट्याचा, म्हणजे गुळगुळीत, कडक कापडाचा. कानाजवळ धरून चुरगाळा. जो चुरचुर आवाज येईल तो शांत माळावर जनावराला लांबून कळतो. आम्ही ब्रश केलेलं, म्हणजे घासून मऊ केलेलं कापडच वापरतो, महाग पडलं तरी.

आता प्रत्येक तागा अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली तपासतो. शेजारी पावडरने धुतलेला पांढरा शर्ट ठेवायचा, तो निळा पेटतो. कापड काळं राहिलं तर पास. दोरा, लेबल, जाळीसुद्धा तपासावी लागते. पांढऱ्या लेबलापायी तयार नग बाद झालेले आहेत. चेन नायलॉनची, पण धातूची ओढणी काढून दोरीचा फास. वेल्क्रो अजिबात नाही, टिचबटणं सुद्धा आतल्या बाजूला. हाइडला लेन्स बाहेर काढायचं तोंड २० सेंटिमीटरचं, इलॅस्टिकसह. छपाईतले ठिपके तळहाताहून मोठे हवेत. बारीक नक्षी पन्नास पावलांवर एकच गडद डाग होऊन बसते आणि माणसाचा आकार उठून दिसतो.

विकत घेतल्यावर मात्र लोक कापड घालवतात. पावडर नको, नीळ तर नकोच. पावडरीतही तेच ब्राइटनर असतं. रिठ्याच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. गिली सूट चुलीपासून आणि बिडीपासून लांब ठेवा, ताग भुर्रकन पेटतो. हाइडची मागची खिडकी उघडू नका, उजेडावर तुमची सावली उमटते. आत गडद सदरा घाला. हातमोजे आणि तोंडावर जाळी हवीच, कारण हलतो तो हात आणि चमकतो तो चेहरा.

आणि वारा. लांडगा संशय आला की वाऱ्याखालून, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूने, वळसा घालून येतो, म्हणून तुमच्या पाठीमागे वारा असेल तर कुठलंही कापड उपयोगाचं नाही. खिशात रुईच्या म्हाताऱ्या ठेवा, एक सोडून बघा. वाऱ्याखालची बाजू मोकळी राहील अशी जागा धरा, म्हणजे वळसा घालणारं जनावर आधी तुम्हाला दिसेल. वन खात्याची परवानगी घेऊन बसा, आणि पिलं असलेल्या बिळाजवळ कितीही चांगला तंबू असला तरी बसू नका.

त्या लॉटमधला एखादा हाइड कोणाकडे राहिला असेल तर घेऊन या, बदलून देऊ. शिलाई आतून पांढऱ्या दोऱ्याची असेल, त्यावरून ओळखा. पावती लागणार नाही.