तुम्ही विचारलंत म्हणून: धावायची सवय नाही, तरी क्रॉस कंट्रीला नाव द्यायचं का?

इथे अमेरिकेत मूल आठवी संपवून हायस्कूलला जायला लागलं की ओळखीचे मराठी आईबाबा मला हा प्रश्न हमखास विचारतात, कारण माझी मुलगी हायस्कूलची चारही वर्षं क्रॉस कंट्री, म्हणजे ट्रॅकवर नाही तर गवत-चढांवरून होणारी लांब पल्ल्याची शर्यत, धावली. "आमचा मुलगा कधीच धावलेला नाही हो, त्याला टीममधे घेतील का? आणि घेतलं तरी सगळ्यात मागे राहून काय मिळणार त्याला?"

घेतील. बऱ्याच शाळांत या खेळाला कट नसतो, म्हणजे चाचणी घेऊन कोणाला वगळत नाहीत, नियमित प्रॅक्टिसला येणारं मूल टीममधे, एवढंच. काही मोठ्या शाळा ठरावीक वेळेची अट ठेवतात, म्हणून कोचना आधी ईमेल करून विचारा, म्हणजे खरंतर मुलालाच करू दे तो ईमेल, कोचना तेच आवडतं. सॉकर किंवा बास्केटबॉलला सहाव्या वर्षापासून क्लबमधे खेळलेली मुलं समोर असतात, इथे तसं नसतं, नववीत पहिल्यांदा धावायला लागलेली मुलं अकरावीपर्यंत व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममधे, गेलेली मी पाहिली आहेत. आणि बाहेर बेंचवर बसून राहणं हा प्रकारच नाही. व्हर्सिटीच्या रेसमधे एका शाळेचे सात जण धावतात, उरलेले बहुतेक जेव्हीच्या (ज्युनियर व्हर्सिटी, म्हणजे दुसऱ्या टीमच्या) रेसमधे, अंतर बहुतेक ठिकाणी तेच, 5 किलोमीटर म्हणजे 3.1 मैल, गवत, चिखल, चढ सगळं तेच.

आता मागे राहून काय मिळणार हा जो भाग आहे ना, त्यासाठी स्कोअरिंग समजून घ्या, मला स्वतःला हा खेळ आवडायला लागला तो त्यामुळेच. जितकावा नंबर तितके पॉइंट, टीमच्या पहिल्या पाच जणांची बेरीज, आणि सगळ्यात कमी बेरीज असेल ती टीम जिंकते. समजा एका शाळेची मुलं 1, 2, 3, 30 आणि 40 नंबरला आली, बेरीज 76. दुसऱ्या शाळेचं पहिलं मूलच आठवं, पण पाचही जण लागोपाठ, 8 ते 12, बेरीज 50. पहिले तीन नंबर पटकावूनही पहिली शाळा हरली! म्हणजे निकाल लागतो तो मधल्या गर्दीत, पाचव्या मुलाच्या पायावर. सहावा आणि सातवा स्कोअरमधे धरत नाहीत पण ते समोरच्या टीमच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचा नंबर मागे ढकलला जातो, आणि बरोबरी झाली तर सहसा सहाव्याचा नंबर बघतात. त्यामुळे तिसऱ्या मैलाला कोच जे जिवाच्या आकांताने ओरडत असतात ते पुढच्या स्टारसाठी कमी आणि मधल्या पोरांसाठी जास्त, "तो निळा जर्सीवाला, त्याला गाठ, एकच गाठ!"

मी बरेचदा फिनिशच्या पलीकडे व्हॉलंटियर म्हणून उभी असते, दोरीने आखलेल्या त्या अरुंद वाटेत. मुलं लाइन ओलांडतात आणि पाय एकदम लटपटतात, कोपर धरून त्यांना पुढे चालवत न्यायचं, तिथेच बसू द्यायचं नाही. श्वास परत आला की जवळजवळ प्रत्येक जण पहिलं विचारतो ते स्वतःचा टाइम. तो टाइम मात्र त्याच कोर्सच्या गेल्या वर्षीच्या टाइमशीच ताडून बघायला शिकवा, सपाट पार्क आणि डोंगराळ कोर्स यांत मोठा फरक पडतो.

तयारीचं म्हणाल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरुवात करा आणि हळू धावू द्या, इतकं हळू की धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. नवीन मुलं पहिल्याच आठवड्यात जोर लावतात आणि नडगी दुखवून घेतात. एकाच जागी हाड दुखतंय आणि चालतानाही दुखतंय तर थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं. पैसे खर्च करायचेत ते चांगल्या रनिंग शूजवर करा, स्पाइक्स (तळाला खिळे असलेले रेसचे शूज) नंतर बघू. ते शूजही 300 ते 500 मैलांनंतर बदलावे लागतात.

ऑगस्टमधल्या उन्हाकडे अजिबात दुर्लक्ष करू नका. ऑलिंपिकमधे क्रॉस कंट्री होती माहितीये? 1924 ला पॅरिसच्या भयंकर उकाड्यात 38 पैकी फक्त 15 जण रेस पूर्ण करू शकले, फिनलंडचा धावपटू पावो नुर्मी जिंकला, आणि त्यानंतर ही रेस ऑलिंपिकमधून गेली ती गेलीच. शरीराला उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात, त्यामुळे गावाहून परत आल्या आल्या मुलाला थेट भर उन्हातल्या जोरदार प्रॅक्टिसला सोडू नका.

आणि मुलींच्या आयांनो, हे खास तुमच्यासाठी, त्यातून घर शाकाहारी असेल तर जास्तच. मुलगी व्यवस्थित प्रॅक्टिस करतेय तरी टाइम वाढतच चाललाय, सारखी दमतेय, तर "आळशी झालीस" म्हणू नका, डॉक्टरना सांगून रक्तातलं फेरिटिन तपासून घ्या, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन नॉर्मल असतानाही हा साठा कमी असू शकतो. गोळ्या मात्र मनाने सुरू करायच्या नाहीत. पाळी बंद झाली तर "धावते म्हणून होत असेल" असं समजून सोडून देऊ नका, बहुतेकदा खाणं कमी पडतंय याची ती खूण असते आणि हाडांवर त्याचा परिणाम होतो.

अभ्यासाचं काय, तर प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर, रेस बऱ्याचदा शनिवारी. आमच्याकडे तरी सीझनमधे अभ्यास लवकर उरकायचा, कारण रात्री झोप आवरायचीच नाही.

सीझन ऑगस्टला सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत चालतो. डॉक्टरच्या सहीचा स्पोर्ट्स फिजिकलचा (खेळासाठीच्या वैद्यकीय तपासणीचा) फॉर्म असल्याशिवाय पहिल्या दिवशीसुद्धा धावू देत नाहीत आणि जुलैअखेरीस अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, तेवढी आजच घेऊन टाका.