बाहेरची एसएसडी, ॲपलची धमकी आणि रात्री साडेअकराचा ‘दादा, वाय दाबू का?’

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला मावसभावाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. मोबाईलने काढलेला, तिरका, स्क्रीनवर टर्मिनलची (मॅकमध्ये कमांड टाइप करायची) खिडकी आणि त्यात इंग्रजीतला हा एवढा मोठा परिच्छेद. खाली एकच ओळ, ‘दादा, वाय दाबू का?’

म्हंटलं, बॅकअप आहे का?

‘कसला?’

मग म्हंटलं एन दाब आणि झोप.

झालं असं की त्याने २०१२ चा तेरा इंची मॅकबुक प्रो सेकंडहँड घेतलाय, तोच तो जाडा, सीडी ड्राइव्हवाला, ज्याच्या खालचे दहा स्क्रू काढले की अख्खं पोट उघडतं आणि हार्ड डिस्क, रॅम सगळं आपल्या हाताने बदलता येतं. ॲपलने नंतर असं मशीन बनवणंच सोडून दिलं, ते दुःख वेगळं. तर लॅमिंग्टन रोडवरून त्याने एक अडीच इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी, पण आत फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) आणली, जुन्या हार्ड डिस्कच्या बाजूचे ते चार टॉर्क्स खिळे काढून नव्या डिस्कला लावले (हे खिळे लोक विसरतात आणि मग डिस्क आत खुळखुळते), कॅटालिना (मॅकच्या सिस्टिमचं एक व्हर्जन) टाकलं, मशीन पळायला लागलं. आणि मग कुठेतरी वाचलं की बाहेरच्या, म्हणजे ॲपलने न बसवलेल्या, एसएसडीला मॅक ट्रिम देत नाही, ते आपण चालू करायचं असतं, नाहीतर डिस्क हळूहळू मरते. हे अर्धं खरंय, अर्धं नाही. त्याला फोनवर जे तुकड्यातुकड्यात सांगितलं तेच इथे नीट लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न मला वर्षातून तीनदा तरी येतो.

आधी ट्रिम म्हणजे काय ते. कॅपिटलमध्ये लिहितात म्हणून कशाचा तरी शॉर्टफॉर्म असेल असं वाटतं, तसं काही नाहीये, नुसतंच ट्रिम. मी हे इडलीपात्रावरून समजावतो. इडलीपात्राची एक ताटली घ्या, त्यात खळगे असतात, पीठ तुम्ही एकेका खळग्यात घालू शकता, पण धुवायची तर ताटली अख्खीच धुवावी लागते, एकच खळगा धुता येत नाही. एसएसडीतली फ्लॅश मेमरी अशीच असते, लिहायचं छोट्या पानांवर पण पुसायचं तर अख्खा ब्लॉक, ज्यात अशी शेकडो पानं असतात. आणि एकदा भरलेल्या खळग्यात धुतल्याशिवाय परत पीठ घालता येत नाही. मग ताटलीत दोनच चांगल्या इडल्या उरल्या असतील तर एसएसडी काय करते, त्या दोन उचलून दुसऱ्या स्वच्छ ताटलीत ठेवते आणि पहिली ताटली धुवून घेते. याला गार्बेज कलेक्शन म्हणतात आणि ते ती मागच्या मागे करत असते, आपल्याला विचारत नाही.

आता गोची कुठे आहे, तुम्ही फाईल डिलीट करता तेव्हा सिस्टिम फक्त स्वतःच्या वहीत खोडते की ही जागा आता मोकळी. एसएसडीला त्याचा पत्ताच नसतो. तिच्या दृष्टीने ती इडली अजून कोणाच्या तरी वाटणीची आहे, त्यामुळे धुवायची वेळ आली की ती शिळी इडलीसुद्धा इमानदारीत उचलून नव्या ताटलीत ठेवते. परत परत. म्हणजे फुकटचं लिखाण वाढतं, झीज वाढते, स्वच्छ ताटल्या कमी पडायला लागतात आणि मग लिहिण्याचा स्पीड पडतो. ट्रिम म्हणजे सिस्टिमने एसएसडीला सांगणं की बाई, या या खळग्यातल्या शिळ्या आहेत, टाकून दे. बस एवढंच.

विंडोज ७ मध्ये हे २००९ पासून होतं. ॲपलने २०११ मध्ये आणलं पण फक्त स्वतः बसवलेल्या एसएसडीपुरतं. म्हणजे ड्रायव्हर (डिस्क चालवणारं सिस्टिममधलं छोटं सॉफ्टवेअर) अक्षरशः डिस्कचं नाव बघायचा, त्यात ‘ॲपल एसएसडी’ असं असेल तर ट्रिम, नाहीतर नाही. बाहेरच्या पोराला पंगतीत बसायला जागा आहे पण वाढायचं नाही, असा प्रकार. मग लोकांनी जुगाड काढले, त्या ड्रायव्हरच्या फाईलमधलं ते नावच बदलायचं, ट्रिम एनेबलर नावाचं ॲप हेच एका बटणावर करून द्यायचं. मीही वापरलं, दोन-तीन वर्षं सुखात गेली.

मग २०१४ ला मॅकच्या सिस्टिमचं योसेमिटी व्हर्जन आलं आणि त्यात ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची तपासणी सुरू झाली. फाईलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी सही मोडली, आणि सही मोडली की ड्रायव्हर लोडच होणार नाही. त्यावरही जुगाड होता, एक सेटिंग टाकून ती तपासणीच बंद करायची. फक्त ते सेटिंग एनव्हीरॅममध्ये राहायचं, म्हणजे मशीन बंद केलं तरी सेटिंग्ज लक्षात ठेवणाऱ्या छोट्या मेमरीत, जिला जुने लोक पीरॅम म्हणतात. आता मी डीटीपी करतो आणि वर्षातला माझा खरा सीझन म्हणजे दिवाळी अंक. त्या वर्षी एका अंकाची पानं छापखान्यात जायला दोन दिवस, आणि मॅकचा आवाज गेला, काहीच वाजेना. कोणीतरी म्हणालं पीरॅम रिसेट कर. कमांड ऑप्शन पी आर, चार बोटं दाबून बसलो, ढँग असा आवाज आला, खूश झालो. आणि मग राखाडी स्क्रीनवर ॲपलच्या जागी गोल आणि त्यात आडवी रेघ. नो एंट्रीची पाटी. रिसेट केल्यावर ते सेटिंग पुसलं गेलं, तपासणी परत चालू झाली, सही मोडलेला ड्रायव्हर नाकारला गेला, आणि तो ड्रायव्हर कशाचा होता तर डिस्कचाच. म्हणजे घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतलं.

रिकव्हरीतून सिस्टिम वरच्या वर परत चढवली, पाच-सहा जीबी डाउनलोड, तेव्हाच्या ब्रॉडबँडवर अख्खी रात्र. पानं वाचली. बायको सकाळी उठली तर मी तसाच खुर्चीत आणि प्रोग्रेस बार ‘अजून नऊ मिनिटं’वर. ती नऊ मिनिटं तासभर चालली.

चूक माझीच, कबूल. पण त्यानंतर ठरवलं की सिस्टिमच्या फाईलला हात लावायचा नाही, ट्रिम गेलं खड्ड्यात.

आणि मग ३० जून २०१५ ला योसेमिटीचा १०.१०.४ अपडेट आला आणि त्यात ॲपलनेच गुपचूप ट्रिमफोर्स नावाची कमांड देऊन टाकली. टर्मिनल उघडायचं, सुडो ट्रिमफोर्स एनेबल लिहायचं (इंग्रजीत, अर्थात), पासवर्ड टाकायचा, मग ती फोटोतली धमकी येते, वाय, मग ‘लगेच रिस्टार्ट होईल, चालेल ना?’, परत वाय, आणि मशीन स्वतःच बंद होऊन चालू होतं. कुठली सही मोडत नाही, पीरॅम रिसेटने मशीन अडत नाही.

ती धमकी मात्र वाचण्यासारखी आहे. थोडक्यात म्हणते की तुमच्या डिस्क ट्रिम चालू असताना डेटा नीट सांभाळतात की नाही हे तपासलेलं असेलच असं नाही, डेटा जाऊ शकतो, बिघडू शकतो, धंद्याच्या कामाला किंवा महत्त्वाच्या डेटासाठी वापरू नका, आधी बॅकअप घ्या, नंतरही घेत राहा, आणि काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. सामानाची जबाबदारी मालकाची, हॉटेलातल्या पाटीसारखं.

ही नुसती वकिली भाषा नाहीये, थोडं तथ्य होतं. त्या काळात काही नामांकित कंपन्यांच्या डिस्कचं फर्मवेअर (डिस्कच्या आतलंच सॉफ्टवेअर) रांगेतल्या ट्रिमच्या बाबतीत, म्हणजे वाचन-लिखाण चालू असतानाच मध्ये ट्रिमची आज्ञा घुसवायची त्या प्रकारात, गडबडायचं. लिनक्स सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, अशा मॉडेल्सची यादीच आहे, सॅमसंगच्या ८०० मालिकेतल्या, क्रुशलच्या एम ५०० वगैरे, त्यांना ट्रिम द्या पण रांगेत देऊ नका म्हणून. गंमत म्हणजे त्याच जून महिन्यात अल्गोलिया नावाच्या सर्च कंपनीने लिहिलं की आमच्या सर्व्हरवर सॅमसंगच्या डिस्क ट्रिममुळे डेटा खातायत, मोठा बोभाटा झाला, आणि पुढच्या महिन्यात शोध लागला की दोष डिस्कचा नव्हता, लिनक्स कर्नलमध्येच बग होता. पण तोपर्यंत ‘ट्रिम म्हणजे डेटा जातो’ हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं ते बसलंच.

मी चालू केलं. रिस्टार्टनंतर कमांड एस दाबून काळ्या स्क्रीनवर एफएससीके ही डिस्क तपासायची कमांड चालवली, तेव्हाच्या फाईल सिस्टिमवर शेवटी एक ओळ यायची, ‘ट्रिमिंग अनयूज्ड ब्लॉक्स’, म्हणजे आजवरच्या सगळ्या शिळ्या इडल्यांची यादी एकदम डिस्कला गेली. ती ओळ बघून फार समाधान वाटलं, माळा आवरल्यावर वाटतं तसं. आता एपीएफएस या ॲपलच्या नव्या फाईल सिस्टिममध्ये हे करावं लागत नाही, डिस्क माउंट होतानाच ते मोकळी जागा कळवतं.

स्पीड वाढला का? खरं सांगू, रिकामी डिस्क असेल तर काही कळत नाही. आजकालच्या बऱ्या डिस्कचं गार्बेज कलेक्शन चांगलं असतं, आणि कंपनी थोडी जागा स्वतःकडे राखून ठेवते ती वेगळीच. फरक कळतो तो माझ्यासारख्याला, ज्याची डिस्क कायम नव्वद टक्के भरलेली, रोज गिगाबाइटच्या फाईली लिहायच्या नि पुसायच्या. ट्रिम नसताना सीझनच्या शेवटी सेव्ह दाबलं की ती रंगीत चक्री फिरत बसायची, ट्रिमनंतर ते बरंच कमी झालं. घड्याळ लावून मोजलेलं नाही. आणि खरं तर डिस्कचा पाचवा हिस्सा मोकळा ठेवला असता तर ट्रिमशिवायही बरंच भागलं असतं, पण मोकळी जागा दिसली की ती भरायची ही घराण्याची सवय.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. ट्रिम चालू झालं की कचरापेटी रिकामी केलेली फाईल गेली म्हणजे गेली. हार्ड डिस्कच्या दिवसांत मी दोनदा अशा फाईली रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत काढल्यात, कारण पुसलं म्हणजे फक्त वहीत खोडलेलं असायचं, माल जागेवरच. ट्रिमनंतर तिसऱ्यांदा वेळ आली, एका कवितासंग्रहाचं अख्खं फोल्डर मीच साफसफाईच्या नादात उडवलं होतं. सॉफ्टवेअरने फाईलींची नावं दाखवली, आकार बरोबर दाखवले, मला हायसं वाटलं, उघडून बघतो तर आत शून्यं. ओळीमागून ओळी नुसती शून्यं. कवींनी पीडीएफ मेलमध्ये जपून ठेवली होती म्हणून परत टाइप करून निभावलं, आणि टाइप करताना जुन्या प्रतीतल्या माझ्याच चार चुका सापडल्या. याचीच दुसरी बाजू म्हणजे एसएसडीवर कुठला खळगा नेमका पुसला गेला याची खात्री बाहेरून देता येत नाही, म्हणून ॲपलने योसेमिटीनंतरच्या एल कॅपिटनमध्ये ‘सिक्युअर एम्प्टी ट्रॅश’ हा पर्यायच काढून टाकला.

म्हणून मी पहिला प्रश्न बॅकअपचा विचारतो. बॅकअप असेल, डिस्क बऱ्या कंपनीची असेल आणि आतल्या साटा पोर्टवर बसवलेली असेल तर चालू करा, फार विचार करू नका. बिननावाची, पाकिटावर फक्त ड्रॅगन छापलेली स्वस्त डिस्क असेल तर ट्रिमचं सोडा, त्यावर कामाचा डेटाच ठेवू नका. यूएसबी केसमध्ये साटा एसएसडी घातली असेल तर ट्रिमफोर्सचा काही उपयोग नाही, ती कमांड आतल्या साटासाठी आहे. एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) टाकली असेल, म्हणजे २०१३ ते १५ च्या रेटिना मॅकबुकमध्ये ॲडॅप्टर लावून बसवतात ती, तर तिथे मॅक स्वतःच ट्रिम देतो. ॲपलच्या नवीन एम सिरीज चिपवाल्यांनी इथपर्यंत वाचलंच कशाला, तुमची डिस्क ॲपलचीच आहे.

चालू आहे की नाही ते ‘अबाउट धिस मॅक’मधून सिस्टिम रिपोर्ट, त्यात साटा, तिथे डिस्कच्या खाली ‘ट्रिम सपोर्ट’ पुढे येस की नो दिसतं. सिस्टिम नव्याने टाकली की हे परत बघायचं. आणि २०१२ वाल्यांनो, डिस्क अडकत असेल, मध्येच गायब होत असेल तर ट्रिमला दोष देण्याआधी ती हार्ड डिस्कची पातळ पट्टीसारखी केबल बदलून बघा, या मॉडेलमध्ये ती जाण्यासाठी प्रसिद्धच आहे.

रविवारी मावसभावाने एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घेतली, टाइम मशीन (मॅकचं बॅकअपचं ॲप) लावलं, पहिला बॅकअप पूर्ण होईपर्यंत थांबला आणि मग दोनदा वाय दाबला. संध्याकाळी परत तिरका फोटो, ‘ट्रिम सपोर्ट: येस’, आणि खाली, ‘दादा, एकदम रॉकेट झालंय!!’

डिस्क पंधरा दिवसांपूर्वीची, निम्म्याहून जास्त रिकामी. रॅम अजून चारच जीबी. मी अंगठा पाठवला.