जुन्नर बघून आलो
तीन वर्षांनी रिटायर झाल्यावर डोंगराजवळ राहायचं हे पक्कं, फक्त कुठे यावर घरात तह होत नाहीये. मी महाबळेश्वर म्हणत होतो, पण पावसाळाभर तिथे कपडे वाळणार कधी आणि वीकेंडचं ट्रॅफिक कोण सोसणार असं हिचं म्हणणं, ते खरंच आहे म्हणा. म्हणून आज जुन्नर.

सकाळी सातला शिवनेरी चढलो, सात दरवाजे, शिवाई देवीपाशी पहिला दम खाल्ला (मी, बायको कधीच पुढे गेलेली). चावंड, हडसर, जीवधन, नाणेघाट सगळं गाडीने तासाभराच्या आत-बाहेर, म्हणजे गुडघे चालतायत तोवर दर रविवारी एक. मग उसाला लागून असलेलं एक दोन खोल्यांचं घर बघितलं, पडवी मस्त, भाडं परवडणारं. मालक आजोबा म्हणाले, "सगळं ब्येस हाय, फक्त दिवेलागणीनंतर फिरताना मोबाईलवर गाणी लावा मोठ्यानं." बिबट्या! माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र ऐकून माहीत होतं, पण कुंपणाशेजारी म्हणजे जरा जास्तच जवळ.

येताना मासवडी खाल्ली, रस्सा असा की कान गरम झाले. ही गाडीत बराच वेळ गप्प, मग नारायणगावच्या अलीकडे म्हणाली, "अहो, पडवीला ग्रिल बसवून देतील का ते?"