तुम्ही विचारलंत म्हणून: हवा निघाली, मग ऑपरेशन कशाला?

"डॉक्टर, नळी घालून हवा काढलीत, कुत्रा उठून बसला, आता पोट कशाला फाडता?" नागपुरात प्राण्यांच्या शस्त्रक्रिया करताना, कुत्र्याचे जठर हवेने फुगून त्याला पीळ पडला की, हा प्रश्न मला बहुधा मध्यरात्रीच ऐकावा लागतो आणि त्या घाईत त्याचे उत्तर धड देता येत नाही, म्हणून येथे देतो.

मानेवाड्याहून आणलेल्या ग्रेट डेन जातीच्या एका कुत्र्याला घरी 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पाजला होता. तो सारखी उबळ काढत होता, पण फेसाळ लाळेखेरीज काही पडत नव्हते. बरगड्यांमागे टिचकी मारली की ढोलासारखा आवाज येत होता आणि हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. उजव्या कुशीवर निजवून एक्स-रे काढला, तेव्हा हवेने भरलेल्या जठराचे मधल्या पट्टीने दोन कप्पे झालेले दिसले. पीळ पडल्याची ही खूण आहे.

फुगलेले जठर पोटातील मोठी शीर दाबते आणि मागच्या अंगाचे रक्त हृदयाकडे परतेनासे होते. म्हणूनच आम्ही सलाईन पुढच्या पायांतून, जाड सुयांनी, भराभर देतो. हवा काढल्याने हा दाब उतरतो व कुत्र्याला हुशारी वाटते, पण पीळ तसाच राहतो आणि पिळलेल्या जठराला रक्त मिळत नाही. नळी आत गेली म्हणजे पीळ नाही, असेही समजू नये. पीळ असतानाही ती कधीकधी सरकते.

पोट उघडल्यावर त्या ग्रेट डेनचे जठर जांभळे-काळे दिसले. ते सरळ करून आम्ही काही मिनिटे थांबलो. बहुतेक भागावर गुलाबी छटा परतली. मोठ्या बाकाजवळचा (जठराच्या बाहेरच्या लांब वळणाजवळचा) तळहाताएवढा तुकडा काळाच राहिला, तो कापावा लागला. जठराला लागून असलेली प्लीहा सुदैवाने शाबूत होती. (ही थांबण्याची मिनिटे मला आजही सर्वांत जड जातात.) शेवटी जठर पोटाच्या उजव्या भिंतीला टाक्यांनी जखडले. हे टाके न घालता केलेले ऑपरेशन मी अर्धवट समजतो, कारण नुसते सरळ केलेले जठर बऱ्याच कुत्र्यांत पुन्हा फिरते.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस हृदयाचे ठोके चुकू शकतात. कुत्रा शेपूट हलवू लागला तरी मी त्याला घरी सोडत नाही, आणि मग मालक दुसरा प्रश्न विचारतात.