ओवाळून घ्यायला जायचं

राखी पाकिटातून जाते. श्रावण पौर्णिमेच्या आधी टपालात टाकली की मुंबईला पोचते, दुबईलाही पोचते. भाऊबीज अशी धाडता येत नाही. भावाला उठून जावंच लागतं, आणि म्हणूनच मला दोन्हींत भाऊबीज सरस वाटते.

आता गोव्यात जायचं म्हणजे फार तर किती? ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य. पेडण्याहून निघालेला भाऊ काणकोणला जेवून रात्री घरी परततो. पण मधे नद्या आहेत. कार्तिक शुद्ध द्वितीयेच्या सकाळी रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहावं. समोरच्या चोडण बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत भाऊच भाऊ. इस्त्रीचा शर्ट, स्कूटरला अडकवलेलं मिठाईचं खोकं आणि नरकासुराचे पुतळे जाळायच्या रात्रीचं डोळ्यांतून अजून न उतरलेलं जागरण. पायी माणसाला फेरीचे पैसे पडत नाहीत. ओवाळणीची नोट मात्र कोरी हवी, ती शोधताना सकाळीच घरात आरडाओरडा झालेला असतो.

बहिणीकडे पाट, रांगोळी, निरांजन सगळं होतं. खरी भाऊबीज मात्र त्याच्या आगेमागे असते. भाऊ घरभर फिरतो. पडवीचं कौल सरकलंय, विहिरीचा पंप कुरकुरतोय, भाऊजींचा खोकला अजून तसाच आहे, हे त्याला दिसतं. फोनवर ‘सगळं बरं आहे’ म्हणणारी बहीण खतखत्याच्या मिश्र भाजीत तिरफळं टाकता टाकता मधेच काहीतरी बोलून जाते. या दिवशी आपल्या घरी जेवू नये, बहिणीच्या हातचं जेवावं, असं ज्याने कुणी सांगून ठेवलं तो मोठा धोरणी असला पाहिजे. पाकिटातल्या राखीला ते सरकलेलं कौल कुठून दिसणार?

जिला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. हा भाऊसुद्धा कायम घाईत. बीजेची कोर ती. सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला जेमतेम दिसते आणि तास-दीड तासात मावळते. त्यात आमच्याकडे माड आडवे. तबक घेऊन अंगणभर जागा बदलत राहायचं.

हल्ली उलटी रीत सुरू झाली आहे. भाऊ फोन करतो, ‘‘बाये, यंदा तूच ये गो. जेवण बाहेरून मागवूया.’’ बहीण बापडी तबक, निरांजन, सुपारी पिशवीत भरून येते, त्याच्या हॉलमध्ये त्यालाच ओवाळते आणि संध्याकाळच्या बसने परत जाते. सोयीचं असेल, पण मला पटत नाही. यमराजापेक्षा कामात बुडालेला भाऊ काही माझ्या पाहण्यात नाही. यमद्वितीयेच्या कथेत तोसुद्धा हातातलं काम टाकून यमुनेच्या घरी जेवायला गेला. त्याने जर ‘तूच ये इकडे’ म्हणून निरोप धाडला असता, तर त्या बिचारीने काय करायचं होतं?