तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मला हे सगळं कुठून कळतं

"तुला हे असलं सगळं कुठून माहीत असतं गं?" हा प्रश्न मी गेली वीस वर्षं ऐकतेय. लग्नात, ऑफिसात डबा खाताना, लोकलमध्ये. आणि त्याला जोडून दुसरा, "बरं, माहीत असून करायचं काय त्याचं?" आजवर हसून विषय बदलला. पण मागच्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्यात कुणीतरी परत हेच विचारलं, तेव्हा आई शेजारी बसली होती आणि तिने हातातली वाटी खाली ठेवली. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, मग परत विचारू नका.

कुठून कळतं, तर माणसांकडून. माणसं आपापल्या कामाबद्दल बोलायला नेहमी तयार असतात, फक्त कुणी विचारत नाही त्यांना. गाडीच्या शेवटच्या डब्यावर मोठी फुली असते, ती दिसली की स्टेशनवरच्या माणसाला कळतं गाडी पूर्ण आली, मधे डबा सुटून राहिला नाही, हे मला बाबांनी प्लॅटफॉर्मवर उभं राहून दाखवलं. मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवं असेल तर राज्य महामार्ग, हे एसटीच्या कंडक्टरने सांगितलं. म्हापशाला नोकरीला होते तेव्हा घरमालकीण बाई एकेक शब्द मोजून दाखवायच्या, पगार, चावी, बादली, इस्त्री, घमेलं, हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेत म्हणायच्या, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मला पहिल्या तारखेला पगार हा शब्द तोंडात वेगळाच लागायचा.

उपासाच्या खिचडीचंही तसंच. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे तमिळनाडूत सेलमच्या आसपास त्याचे कारखाने आहेत. बटाटा तिकडचा, मिरची तिकडची, शेंगदाणेही तिकडचेच. म्हणजे कढईतलं जवळजवळ सगळंच समुद्रापलीकडून आलेलं. हे मी आषाढीला आईला सांगितलं तर ती खिचडी परतत म्हणाली, "आला असेल. विठ्ठलाला चालतोय ना, मग तुला कशाला पंचाईत?"

लोकांना वाटतं मी शायनिंग मारते. नाही मारत. बरं, थोडी मारते, खोटं कशाला बोलू. समोरच्याचे डोळे मोठे होतात तो क्षण मला आवडतो, आणि आईच्या बाबतीत तर फारच आवडायचा, कारण ती वरवर उडवून लावायची आणि दोन दिवसांनी तीच गोष्ट शेजारच्या काकूंना सांगताना सापडायची.

आता खरं सांगायचं ते.

2021 च्या एप्रिलमध्ये आईला कोविड झाला. त्यातून ती बरी झाली पण वास गेला तो गेलाच. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही, कशाचाच नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. आम्ही सगळे ती वाचली ह्याच आनंदात होतो, वासाचं कोण मनावर घेतंय. जुलैत मी साताऱ्याला तिच्याकडे गेले होते तेव्हा सिलेंडर आला. पावसाने भिजलेला मुलगा, खांद्यावरून टाकी उतरवली आणि वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर अंगठा घासून रंगाखालचं अक्षर दाखवलं. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाचे तीन तीन महिने आणि पुढे वर्ष. सी-23 म्हणजे 2023 च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये ती टाकी तपासणीला जायला हवी. लोक म्हणतात ही गॅसची एक्सपायरी, ते चूक, ती टाकीची तपासणी. तिथेच रिकाम्या टाकीचं वजनही लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवले की भरलेली टाकी किती भरायला हवी ते कळतं.

तो गेल्यावर मी ओट्याला टेकून आईला पुढचं सांगितलं. की स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतोच मुळी, तो सडक्या कोबीसारखा वास मुद्दाम घालतात, मर्कॅप्टन नावाचं रसायन असतं, गळती झाली तर माणसाला कळावं म्हणून. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे वर जात नाही, खाली जमिनीलगत साठतो. आई कणीक मळत होती. म्हणाली, "अस्सं? म्हणजे वास हीच त्याची घंटा म्हणायची." मी म्हटलं हो, बरोब्बर, आणि मला तिचं कौतुक वाटलं की किती नेमकं बोलली.

जिला वास येत नाही अशा बाईला मी हे उभं राहून सांगितलं. आणि चहा घेतला. आणि रात्रीच्या गाडीने परत आले.

ऑगस्टमधला श्रावणी सोमवार होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी तिला फोन केला. त्याच आठवड्यात एसटीत एक रिटायर्ड पोस्टमास्तर शेजारी बसले होते आणि त्यांनी मला पिनकोडची सगळी गोष्ट सांगितली होती, ती मला कधी एकदा आईला सांगते असं झालं होतं. की पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, आणि तो काढला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, मराठी माणूस, टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि वर संस्कृतात नाटकं लिहिणारे. एकाच नावाची गावं, पत्त्याच्या नाना भाषा, नाना अक्षरं, त्यावर हा उपाय. मी म्हटलं, "तुझा पिनकोड घे, 415001. पहिला 4 म्हणजे आपला विभाग, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून टपाल वाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे तुझं पोस्ट ऑफिस." मधेच आई म्हणाली, "अगं थांब जरा, दूध ठेवलंय." मी म्हटलं, "एकच मिनिट, ऐक तर, 9 ने सुरू होणारा कुठला असेल सांग." ती म्हणाली कुठला. मी म्हटलं लष्कराचा.

एवढंच झालं. तेवढ्यात दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि बटण चालूच राहिलं. पावसामुळे खिडक्या बंद. लाईट गेलेली होती, ते मला तिने फोन उचलल्या उचलल्या सांगितलं होतं, आणि ती गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत काढत माझ्याशी बोलत होती. जळलेल्या दुधाचा वास नाही, गॅसचा नाही. मी बोलतच होते. किती वेळ, तर फोनमध्ये नंतर बघितलं, सव्वीस मिनिटं.

शेवटी अंधारून आलं म्हणून ती आत गेली आणि मला म्हणाली, "थांब, मेणबत्ती लावते, काडेपेटी सापडत नाहीये." मला भांड्यांचा आवाज येत होता, ओट्यावर ती चाचपडत असणार. आणि मग दारावर धाडधाड. शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या होत्या. लाईट नव्हती म्हणून बेल चालणार नव्हती, नाहीतर त्यांनी बेल दाबली असती, आणि बेलच्या बटणातसुद्धा ठिणगी पडते. आईने दार उघडलं आणि मला फोनमधून काकूंचा आवाज आला, "वहिनी, गॅस! अहो वहिनी, गॅस येतोय, ती काडेपेटी टाका आधी!" म्हणजे तोवर सापडली होती.

फोन बंद झाला. मी अकरा वेळा लावला.

काकूंनी बटण बंद केलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, आईला जिन्यात नेऊन बसवलं, आणि त्यांचा मुलगा खाली जाऊन मीटरजवळचा मेन स्विच पाडून आला, लाईट परत आली आणि फ्रीज सुरू झाला तर काय घ्या. ह्या बाईंना कुणी कधी विचारलं नाही की तुम्हाला हे कुठून माहीत. त्यांना ते माझ्या आईने सांगितलं होतं. जुलैत, मी सांगितल्यावर दोन दिवसांनी.

आता ह्याचं मी काय करू, तुम्हीच सांगा. कधी वाटतं, बघा, आलं की नाही उपयोगाला. आणि कधी वाटतं, उपयोग कसला, तिला फोनवर धरून ठेवणारीही मीच ना. भाऊ त्या रात्री एवढंच म्हणाला, "तुला सगळं माहीत असतं, मग हे कसं नाही सुचलं?" रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर भांडले असते.

खरंच कसं नाही सुचलं? वासाचं मला माहीत होतं, आईचा वास गेलाय हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात, एकमेकींना न भेटता दीड महिना पडून होत्या. त्या रात्री जागून मी वाचत बसले की हा वास घालायची सक्ती आली कुठून, तर 1937 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात शाळेच्या खाली नैसर्गिक वायू साठला होता, कुणाला पत्ता नाही कारण त्याला वास नव्हता, वर्कशॉपमधल्या विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि जवळपास तीनशे जीव गेले, बहुतेक शाळेतली पोरं. त्यानंतर वास घालायचा कायदा झाला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

नंतर गॅस डिटेक्टर आणला. बसवणारा शिडी घेऊनच आला, छताजवळ लावतो म्हणाला. मी म्हटलं दादा, हा सिलेंडरचा गॅस, जमिनीपासून फूटभरावर लावा, पाइपचा गॅस हलका असतो त्याला वर लावतात. तो म्हणाला, ताई, तुम्हाला कसं माहीत? मला उत्तर देता आलं नाही, मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

पूर्वीची मी म्हणायचे, कुठलीच माहिती वाया जात नाही. तिला आता धरून विचारावंसं वाटतं, मग समोरच्या बाईकडे बघत का नव्हतीस? आणि ती उलटून म्हणते, मी सांगितलं म्हणून काकूंना कळलं ना? तिचंही खोटं नाही. पण काकू पाच मिनिटं उशिरा आल्या असत्या तर, ह्यावर ती गप्प बसते.

आईने त्यानंतर एकटीने गॅस पेटवला नाही. इंडक्शन घेतलंय, त्यावर भाकरी होत नाही म्हणून भाकरी बंद झाली. पंचेचाळीस वर्षं दोन वेळा भाकऱ्या थापणारी बाई. फोन मीच करते अजून, पण आधी विचारते, काही ठेवलंय का? आणि विचारलं की ती जरा गप्प होते, तेही मला कळतं.

वास थोडा थोडा येतोय म्हणते, पण वेडावाकडा, कॉफी जळल्यासारखी लागते तिला. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवापाशी उदबत्ती लावली होती तर आतून म्हणाली, "मोगरा ना गं? आला बघ मला." तिचा आवाज किती खूश होता. पुडा माझ्या हातात होता, त्यावर चंदन लिहिलं होतं.

मी हो म्हटलं. आणि आता आठवडाभर तेच डोक्यात आहे, की तिला सांगायला हवं होतं.