हजेरी मल्हाराची

आमच्या कॉलेजच्या संगीत मंडळाचे वर्षाला तीन कार्यक्रम, निदान कागदावर तरी तीन. आषाढ-श्रावणात मल्हाराची, म्हणजे पावसाळी रागांची, बैठक, कोजागिरीला गाणी आणि मसाला दूध, आणि माघ-फाल्गुनात बसंत-बहार-होरीचा एक. यातला शेवटचा जवळजवळ बंदच पडलाय कारण सेमिस्टर आल्यापासून बसंत गायचे दिवस आणि प्रॅक्टिकल, इंटर्नल, सबमिशन हे सगळं एकदमच अंगावर येतं, मुलं म्हणतात मॅडम जर्नल पूर्ण करू का होरी म्हणू. त्यांचंही बरोबरच आहे. कोजागिरी कधी परीक्षेत सापडते कधी दिवाळीच्या घाईत, दूध मात्र दरवर्षी संपतं. चैत्रातली गाणी वगैरे आम्ही कधी धरलीच नाहीत, चैत्र-वैशाखात आम्ही सगळे पेपर तपासायला कॅपमध्ये, म्हणजे तपासणी केंद्रात, बसलेलो असतो, तिथे पंख्याचाच काय तो सूर.

राहता राहिला मल्हार. ॲडमिशन चालू असतात, निम्मा वर्ग भरलेला नसतो, टाइमटेबल तीनदा बदललेलं असतं, आणि कोल्हापूरचा पाऊस असा की पत्र्याच्या जुन्या वर्गात आपण काय शिकवतोय ते आपल्यालाच ऐकू येत नाही, म्हणजे गाणं करायला याच्याएवढा मोकळा वेळ वर्षात दुसरा नाही. शिवाय मियाँ मल्हार एरवी मध्यरात्रीचा धरला तरी पावसाळ्यात तो कधीही गायला चालतो, त्यामुळे शेवटचं लेक्चर संपल्यावर साडेतीनला सुरुवात केली तरी कुणी जाणकार नाक मुरडत नाही. मी फिजिक्सची, गाण्यात कानसेनच, पण नोटीस काढण्यापासून सतरंज्या मोजण्यापर्यंतचं काम कधीपासून माझ्याच गळ्यात आहे आणि खरं सांगू का, ते कुणी काढून घेतलं तर मला राग येईल.

दीपप्रज्वलन, रोपटं देऊन स्वागत, प्राचार्यांचे दोन शब्द, हे सगळ्यांना माहितीच आहे, पुढे जाते. पण त्यानंतर आमचे मराठीचे निवृत्त सर बोलतात ते सोडवत नाही. पाच मिनिटं दिलेली असतात, घेतात पंचवीस, आणि विषय दरवर्षी एकच, जयपूर-अत्रौली घराण्याचे गवई अल्लादियाखाँसाहेब. १८९५ साली शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात आले, त्याआधी आवाज बिघडला होता तर त्या आवाजाला झेपेल अशी गायकीच नवी घडवली, आणि मग केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गायिका त्यांच्याकडे शिकल्या. गोष्ट देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेजवळच्या खाँसाहेबांच्या पुतळ्यापाशी आली की सर दरवर्षी थांबतात, म्हणतात, "बाळांनो, आवाज गेला म्हणून गाणं जात नाही." मागच्या रांगेतली मुलं हे वाक्य सरांच्या आधी ओठातल्या ओठात म्हणतात, मला ते दिसतं, मी बघून न बघितल्यासारखं करते कारण पाठ झालंय म्हणजे ऐकलंय. २०२४ ला मात्र सर वेगळेच बोलले. आठ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि आमची बैठक त्यानंतर थोड्याच दिवसांत. शाहू महाराजांनी बांधलेलं ते १९१५ चं थिएटर, सरांचं सगळं तारुण्य तिथल्या स्वस्तातल्या खुर्च्यांवर गेलेलं. उभे राहिले, म्हणाले आज माझ्याच्यानं होणार नाही, गाणं सुरू करा, आणि बसले. त्या दिवशी मुलांनी सर बसल्यावरही बराच वेळ टाळ्या वाजवल्या.

मग मुख्य गाणं. पाहुणे कलाकार आम्हाला परवडतील तसे, म्हणजे मिरज, सांगली, इचलकरंजी, बेळगाव एवढ्या टापूतले, आणि तेही मानधनापेक्षा प्रेमाने येतात. मिरज इथून पन्नासेक किलोमीटर, तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीतून आमचा तानपुरा दुरुस्त होऊन येतो, भोपळा मंगळवेढा-पंढरपूर भागातला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले, जणू काही आम्हीच बनवतो. मोबाईलमध्ये तानपुऱ्याचं ॲप आहे, त्याची इलेक्ट्रॉनिक पेटीही आहे, पण जवारी, म्हणजे तारांचा गुंजता नाद, लावून, तारेखाली दोरा सारून सारून तो खरा तानपुरा एकदा बोलायला लागला की वर्गात तासभर समजावून न समजलेले हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरात दडलेले वरचे सूर, पोरांना पाच मिनिटांत ऐकू येतात. मी मुद्दाम माझ्या सेकंड इयरच्या बॅचला पुढे बसवते.

तबल्याचं दुखणं वेगळं. पावसाळ्यात चामडं ओल धरतं, सैल पडतं, तबला उतरतो, आणि आमचा तबलजी दर पंधरा मिनिटांनी हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या चामडी वेणीवर, ठोकत बसतो. ग्रीनरूममध्ये शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब केवळ यासाठी जपून ठेवलाय, त्याच्या उबेला तबला ठेवायचा, एलईडी बल्बनं हे काम होत नाही. शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२० साली तबला-मृदंगावर लिहिलं होतं की साध्या ढोलातून जे सूर निघतात ते एकमेकांत बसत नाहीत, पण मधल्या शाईच्या, म्हणजे काळ्या लेपाच्या, वजनामुळे ते ओळीत येतात, म्हणून तबला सुरात लागतो. हे मी दरवर्षी कुणालातरी पकडून सांगतेच. तबलजी म्हणतो, "मॅडम, रामन साहेबांना म्हणावं जुलैत कोल्हापूरला या आणि लावून दाखवा."

मियाँ मल्हाराबद्दल एवढंच म्हणते की त्यातला कोमल गंधार (ग) झुलवायचा असतो आणि दोन्ही निषाद (नी) एकापाठोपाठ एक घ्यायचे असतात, हे तोंडाने सांगायला सोपं आहे पण नुसते बरोबर सूर लावले तरी मल्हार होत नाही, गंधार किती झुलवायचा हे ज्याला समजलं त्याचाच मल्हार भरून येतो. मेघ रागात गंधार नाही धैवत (ध) नाही, तो मोकळा आणि भारदस्त. गौड मल्हार आला की सगळ्यांचे चेहरे खुलतात. पण मी खरं सांगितलं तर पाहुण्यांच्या गाण्यासाठी मी एवढी धावपळ करत नाही. मी करते ती चहानंतरच्या पाऊण तासासाठी.

तो पाऊण तास २०१९ पासूनचा. त्या वर्षी आमची बैठक नागपंचमीच्या आठवड्यात ठरली होती, पाच ऑगस्टला पंचमी, पत्रिका छापून आल्या होत्या. आणि पंचगंगा चढायला लागली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथल्या लहान पोरालाही पाठ असतात, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, निम्म्या गावात लाइट नाही. आमचा हॉल पूरग्रस्तांना दिला, ज्या सतरंज्या बैठकीला काढल्या होत्या त्यांवरच चिखली-आंबेवाडीकडची माणसं झोपली. बायका घरदार, गुरं सगळं टाकून आलेल्या. एके संध्याकाळी खिचडीची भांडी घासून झाल्यावर एक आजी म्हणाल्या, "पोरीनू, पंचमी तशीच गेली की गं." आणि त्यांनीच सुरुवात केली. सासर-माहेरचं, भाऊ न्यायला येईना त्याचं, झोक्याचं, वारुळाचं. एक ओढायची, बाकीच्या झेलायच्या. काही वेळानं दोघी उठून फुगडी घालायला लागल्या, एकीच्या पायाला पट्टी बांधलेली होती. आमचा हार्मोनियम वाजवणारा पोरगा कोपऱ्यातून सूर शोधत होता आणि त्याला सापडेना, कारण त्यांचा षड्ज, म्हणजे सा, प्रत्येक कडव्याला जरा वर सरकत होता. सगळं पाच सुरांच्या आत. मी मल्हार पुष्कळ ऐकलेत, पण पावसाचं गाणं म्हणजे काय ते त्या दिवशी माझ्या अंगात शिरलं.

पुढच्या मीटिंगला मी हट्टच धरला की पाहुण्यांचं गाणं झाल्यावर चहा, आणि चहानंतर ज्याला जे पावसाचं येतं ते त्यानं म्हणायचं, राग नको, ताल नको, निवड समिती तर नकोच. थोडी कुरकुर झाली, दर्जा घसरेल म्हणून. दर्जाची काळजी करणारे चहाआधीच घरी जातात, तेव्हा तो प्रश्न आपोआप मिटला. २०२० ला मात्र सगळं ऑनलाइन, एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला उशीर, त्यामुळे तबल्याबरोबर गाणं शक्यच नाही, शेवटी सगळ्यांना म्यूट करून एकेकाने सुटंच म्हटलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. तेव्हा पत्रिका छापायच्याच बंद केल्या, आता आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज, आकाश बघून.

या पाऊण तासात काय काय ऐकलंय. गगनबावड्याकडची एक फर्स्ट इयरची मुलगी, अख्ख्या टर्ममध्ये वर्गात तोंड उघडलं नव्हतं, तिनं भात रोपलावणीची भलरी, म्हणजे शेतात काम करताना म्हणायचं गाणं, म्हटली. आधी म्हणाली, "मॅडम, ह्ये उभ्यानं न्हाई येत, वाकून म्हणायचं असतंय," आणि खरंच कमरेत वाकून, हातात रोप धरल्यासारखं करून म्हणाली. हॉस्टेलची पोरं पहिल्यांदा हसली आणि दुसऱ्या ओळीला झेलायला लागली, कारण निम्मी त्याच शेतातून आलेली. गणिताचे सर, ज्यांना परीक्षेच्या काळात पोरं टरकून असतात, ते आषाढी म्हणून एक अभंग म्हणतात, डोळे मिटून, जरासा बेसूर, आणि तो बेसूरपणा मला इतका आवडतो की एका वर्षी ते रजेवर होते तर कार्यक्रम अळणी वाटला. लायब्ररीतल्या शिपाईमामांची भजनी मंडळाची गवळण. झाडलोट करणाऱ्या मावशी दरवर्षी "न्हाई बाई, मला न्हाई येत" म्हणतात आणि मग सुरू झाल्या की आपणच म्हणावं लागतं, मावशी, पुढच्यांना पण जरा येऊ द्या. एका वर्षी पाहुणे गायक निघायच्या बेतात होते, चप्पल घातलेली, मावशींचं ऐकून चप्पल काढून परत आत येऊन बसले. मावशींना अजून सांगितलेलं पटत नाही की एवढा मोठा माणूस त्यांच्यासाठी थांबला.

हजेरीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं पण राहवत नाही. आमच्याकडे स्टाफ भरपूर, आणि बैठकीला फुलटाइम मंडळी बोटावर मोजण्याइतकी. येतात कोण तर तासिका तत्त्वावरचे, सीएचबीची पोरं-पोरी, ज्यांना तासाचेच पैसे आणि तेही महिनोनमहिने उशिरा, ज्यांना पुढच्या जूनमध्ये इथे असू की नाही माहिती नाही. सतरंज्या तीच उचलतात. कायम नोकरीतल्या एका सद्गृहस्थांनी मला विचारलं होतं, सर्टिफिकेट मिळणार का, प्रमोशनच्या फॉर्मला लावता येईल. मी म्हटलं भजी मिळतील. ते आले नाहीत. आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या समितीच्या, वर्षी मात्र हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती, फोटोत सगळे पहिल्या रांगेत, गणिताचे सर मागे खांबाआड. तो फोटो रिपोर्टमध्ये छापलाय, मी बघत नाही.

आता नावं न घेता का होईना पण आभार, कारण कुणी राहिलं तर माझी झोप उडते. इलेक्ट्रिशियन दादा, ज्यांनी तो बल्ब जपला आणि लाइट गेली की जनरेटरपर्यंत भिजत धावतात. ऑफिसमधल्या ताई, नोटीस टाइप करून वर "मॅडम, शुद्धलेखन बघा" असं मलाच ऐकवतात. मिरजेहून तानपुरा मांडीवर घेऊन येणारे ड्रायव्हर काका, खड्डा आला की तानपुऱ्याची माफी मागतात. कँटीनचे मामा, श्रावण पाळणाऱ्यांसाठी कांद्याऐवजी बटाटा भजीचा वेगळा घाणा काढतात. केमिस्ट्रीच्या मॅडम, त्यांच्या घरची समई. एनएसएसची सगळी पोरं. माइकवाले, ते पैसे घेतात, तरी पण. चप्पल सांभाळणारा वॉचमनचा मुलगा, एकाही जोडीची अदलाबदल होत नाही. स्टॅटिस्टिक्सचे सर येत नाहीत पण वर्गणी पहिली देतात, म्हणून त्यांना माफ. आणि आमच्या जुन्या रजिस्ट्रारबाई, निवृत्त झाल्या तरी दरवर्षी डबाभर उकडीच्या करंज्या घेऊन येतात आणि मोजून वाटतात, त्यातली एक माझ्यासाठी बाजूला.

यंदा तारीख अजून ठरलेली नाही, धरणं भरायला लागली की ठरवू. तबलजींच्या हातोडीचा दांडा मोडलाय, कुणाकडे जुनी असेल तर फिजिक्स लॅबमध्ये द्या. आणि गेल्या वर्षी हार्मोनियमचं हिरवं कव्हर कुणीतरी पाऊस होता म्हणून डोक्यावर घेऊन गेलंय, ते परत आणा, विचारणार नाही कोण म्हणून.